ब्राह्मीचा कॉम्प्युटर तापतो

हॅलो?... जिनू? सापडलास एकदाचा! सकाळधरनं सहा फोन केले, तवा उलटा फोन केलास. आन् वर विचारतोस, ताई, काय झालं?... परत बंद पडला!

कॉम्प्युटर रे! मिक्सर बंद पडला म्हणून तुला लोणंदला फोन करीन व्हय?

हो, हो... अरे ऐक ना! आधी माझं ऐक. ओव्हरक्लॉक कर म्हणून कुणी सांगितलं? तूच न्हवं? "ताई, नवा प्रोसेसर कशाला, हाय त्यालाच जोरात पळवू." पळवला. बसलाय मटकन खाली!

न्हाई, घाई अजिबात केली न्हाई. तू सांगितलंस तसंच. बायोसच्या सेटिंगमधी गेले, चार गिगाहर्ट्झचा वेग चार पॉइंट एक केला. टेस्ट लावली, अर्धा तास टेंपरेचर बघत बसले. मग चार पॉइंट दोन. परत टेस्ट... व्होल्टेजला बोटसुद्धा लावलं न्हाई. तीन दिवस असं करत करत साडेचारवर नेलं. रविवारी साडेचारला बहात्तर डिग्री होतं. फोटो पाठवला की तुला! "शाब्बास ताई" लिहिलंस.

आन् सोमवारधरनं? सत्त्याण्णव!... सत्त्याण्णव रे. एवढ्यात आमच्या शेतातली हळद शिजती!

काय?... मी काय बदलणार? "कायतरी केलंच असशील" म्हणजे? हे बघ जिनू, घरात आमचे हे ह्याच सुरात बोलत्यात, तू नको बोलू. "सून असून गेम खेळती." मामंजी तर पाहुण्यांपुढं म्हणत्यात, वर गिरणी चालू हाय. आन् सासूबाई, आमच्या आत्ती... तोंडानं चकार शब्द न्हाई. पण सोमवारधरनं रोज संध्याकाळी वर येत्यात, कॉम्प्युटरपाशी वाकून काय बघायचं ते बघत्यात आन् जात्यात. कशाला येत असतील? पाळत ठेवायला, दुसरं काय!

चार वाजता मॅच हाय, कळतंय का तुला? ह्या आठवड्यात दोनदा मी ऐन रंगात गुल झाले. आमच्या टीमच्या कॅप्टननं, प्रांजलनं, तोंडावर सांगितलं, "वहिनी, आज बंद पडला तर उद्यापासनं मलकापूरचा जयराज खेळंल." चाळीस जणांतनं निवडलं होतं मला. त्या टीममधी मी एकटी बाई... रडत न्हाई रे. संतापलेय!

बरं... बरं, सांग. समोरच बसलेय. पंखा फिरतोय, आवाज येतोय की... मागनं हवा? येतीय, पण अगदीच थोडी... पुढनं? पुढचं कसं दिसणार? तोंड भिंतीकडं हाय... वीतभर जागा सोडलीय रे, तूच सांगितलेली. बटण वर हाय, भिंतीकडं कशाला बघायला जाते मी?... हात घालू? घालते. थांब.

...

जिनू, हितं कापड हाय.

कापड! पुढच्या जाळीवर. दुहेरी घडी घालून चारी बाजूंनी दोऱ्यानं गच्च बांधलंय. थांब, बॅटरी लावते... अरे, हे तर आमच्या घरातलं पाणी गाळायचं फडकं हाय!

हसतोस काय? हितं माझी मॅच हातची चाललीय!... आत्ती! आवं आत्ती, जरा वर येता का?... हो, आत्ताच!... ठेवू नको रे फोन. आज सोक्षमोक्षच लावते.

आत्ती, हे तुमी बांधलं?... का पण? मला एका शब्दानं विचारायचं तरी!... काय?... कवा?... किती?...

...

हं. हाय जिनू, लाईनवर हाय. सांगते.

रविवारी झाडताना त्यास्नी जाळीखाली पाखरं मेलेली दिसली. बारकी, पतंग-किड्यांसारखी, चार-पाच. चातुर्मासाचे दिवस, पाखरं उजेडाला येत्यात आन् पंखा त्यास्नी आत ओढतोय. म्हणून बांधलं. रोज वर येत होत्या ते फडक्यावरची पाखरं हळूच गच्चीत सोडायला. गाळलेल्या पाण्यातले जीव आपण जैन परत विहिरीत सोडतो, तसं... आन् मी पाळत म्हणत होते.

काढून टाक? का म्हणून काढू?... चारला मॅच हाय हे तू मला सांगतोस!... कॉम्प्युटरच्या बाजूची काच काढून ठेवू? अरे शहाण्या, मग तर सगळा थवाच आत जाईल! तुला काय आपल्या आईनं न गाळलेलं पाणी पाजलं का रे?

बारीक जाळी मिळती? लोहचुंबकानं चिकटती? मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं तुला! पाठव. पण ती काय आज चारच्या आत येत न्हाई.

न्हाई. वेगच खाली घेते. पहिला होता तेवढा. फडक्यासकट टेस्ट लावून बघते... हळू तर हळू. हरले तर हरले. घेऊ देत त्या जयराजला!

तुला न्हाई कळायचं. मी आत्तींना म्हटलं, सांगायचं तरी होतं. तर काय म्हणाल्या ठाव हाय? "सांगितलं असतं तर घरात कळलं असतं. जीव मरत्यात म्हटल्यावर तुझ्या मामंजींनी दुसऱ्या दिवशी तुझा खेळ बंद केला असता. तू खेळताना हसतीस गं. खाली ऐकू येतं मला."

जाळी तेवढी आजच पाठव.

बरं, मला बायोस उघडायचाय... आत्ती, आवं खाली कुठं निघालात? बसा हितं, खुर्चीवर. आज मॅच बघूनच जावा... ठेवते रे.