तपकिरी पॉलिश

(जनावरांचा दवाखाना. टेबलावर बॉक्सर जातीची कुत्री. मालक तिला धरून उभा. डॉक्टरीण त्याची भाची.)

भाची : मामा, माझ्या हातमोज्याला हे तपकिरी काय लागलं?

मामा : काही नाही गं. धूळ असेल.

भाची : धुळीला बुटाच्या पॉलिशचा वास येतो?

मामा : आता तुझ्यापासून काय लपवायचं. मागची गाठ काढली त्या टाक्यांच्या जागी केसच येत नाहीत, गुलाबी चट्टा दिसतो. पिल्लं घ्यायला येणारे आधी आईला निरखतात. म्हणून जरा बोट फिरवलं.

भाची : आणि बाजूला नवी गाठ आली, फुटली, तरी फिरवतच राहिलास. पू आणि पॉलिशचा लगदा झालाय इथे. शी. रोज नको नको ते बघते मी, पण याची शिसारी आली.

मामा : म्हणून तर आणलं ना तुझ्याकडे. काढून टाक. ती माजावर यायला टेकलीये, मी नरसुद्धा ठरवून ठेवलाय.

भाची : अरे, कर्करोग आहे हा. मागच्या गाठीच्या वेळीच सांगितलं होतं, हिची पिल्लं आता नकोत.

मामा : या जातीला होतातच गाठी. तूच म्हणालीस.

भाची : इतरांपेक्षा जास्त होतात, म्हणाले. तुझ्या कुत्र्यांच्या तर रक्तातच उतरलंय. हिची आई कशाने गेली? हिच्या पहिल्या वेतातली दोन पिल्लं आता माझ्याकडेच येतात, गाठी घेऊन. एकाची मालकीण रडत विचारत होती, आमचं काही चुकलं का, साबण बदलू का. काय सांगू तिला? माझ्या मामाने माहीत असून विकलं?

मामा : बाकीची ठणठणीत आहेत की.

भाची : अजून तरी. लाज कोळून प्यायलास तू.

मामा : जास्त बोलू नकोस. माझं पोट आहे त्यावर.

भाची : मग ऐक. गाठ काढते, पण त्याच भुलीत गर्भाशयही काढणार. कबूल नसेल तर उचल हिला आणि दुसरीकडे जा.

मामा : सख्ख्या मामाला अट घालतेस?

भाची : घालते.

मामा : ...बरं. काढ.

भाची : नक्की? मागाहून आईकडे जाऊन रडगाणं गायचं नाही.

मामा : नक्की म्हटलं ना. तसंही हिचं वय झालं. हिच्या दोन पोरी ठेवल्यात मी, दोघी वयात आल्यात. अंगावर एक डाग नाही बघ.

(भाची सुई भरायला वळते.)

मामा : काय गं, काय झालं?

भाची : काही नाही. भुलीची सुई देते. तू तिच्या तोंडापाशी उभा राहा. तू दिसलास की ती घाबरत नाही.