चौथी खुर्ची

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा नंबराची वाट बघत बसल्या होत्या. थोरली कुठल्याशा पॉडकास्टच्या स्टुडिओत झाडलोट करते, एवढं बोलण्यावरून कळलं. तिचा हात गालावर होता.

"ताई, तुम्हाला खरंच माईकसमोर बसवलं?"

"मग काय. विषय होता, तंत्रज्ञानात बायका कमी का. बोलायला तिघे पुरुष. ऐन वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि मला फडक्यासकट खुर्चीत बसवलं."

"काय विचारलं?"

"यंत्रामुळे तुमचं काम जाईल का म्हणे. मी म्हटलं, फरशी पुसायचं यंत्र आणलंत, ते रोज कपाटाखाली अडकतं. त्याला ओढून काढायचं काम वाढलंच की."

"बरोबर बोललात."

"लोकांनाही आवडलं. पण साहेब म्हणाले, आवाज सामान्य बाईचा वाटत नाही."

"अगंबाई, मग कुणाचा वाटतो?"

"ते त्यांनाही सांगता येईना. म्हणून कॉम्प्युटरकडून सामान्य बाईचा आवाज करून घेतला. आता दर आठवड्याला तीच बोलते. माझ्या फरशीबद्दलसुद्धा."

"म्हणजे तुम्ही सुटलात."

"कसली सुटतेय. व्हिडिओ निघतो ना. बाईची खुर्ची रिकामी बरी दिसत नाही म्हणे. तिथे मीच बसते."

"नुसत्या?"

"नुसती. तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड गच्च मिटून. दोन-दोन तास."

"तरीच म्हटलं, जबडा कसा आखडला."