परक्याचं काम आपलं म्हणताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय केरबा चौगुले सर, ज्यांच्या शिकवणीवर्गाच्या बाकांवर आपलं मंडळ इतकी वर्षं हक्कानं बसत आलं. व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, मंडळाचे जुने-नवे सभासद, शिरोळहून आलेल्या सुष्मिताताई, आणि रविवार असूनही आमच्या हट्टापायी इथं येऊन बसलेली आमची घरची माणसं, तुम्हां सर्वांना अनुजा इंगळेचा नमस्कार.

संयोजकपद सोडताना चार शब्द बोला, असं सरांनी सांगितलं. मघाशी दारात कुणीतरी विचारलं, "ताई, थकलासा काय?" थकले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? दोन हजार साली मंडळ सुरू झालं तेव्हा माझा चष्मा फक्त वाचायला लागायचा.

घरच्यांना अजून वाटतं, आम्ही दर महिन्याला जमून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तसं नाही हो. ज्या प्रोग्रॅमचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढं देता येतो, असे मराठीच्या उपयोगाचे प्रोग्रॅम आम्ही राखतो आणि सीडीवर घालून शाळांना, दुकानांना देतो. मग बाहेरचा कुणी येऊन म्हणतो, माझाही प्रोग्रॅम मंडळात घ्या. चांगला असेल तर घ्यावा, नसेल तर सोडावा, इतकं सोपं वाटतं ना? पण घेतला म्हणजे काय झालं? त्यावर मंडळाचं नाव लागलं. तो बिघडला की फोन मंडळाला. आणि मंडळ म्हणजे कोण, ते आमच्या ह्यांना विचारा.

सुरुवातीला आम्ही येईल ते घेत होतो. दूध संकलनाचा एक प्रोग्रॅम असाच हौसेनं घेतला. करणारा इंजिनिअर बंगळूरला नोकरीला गेला आणि मेलला उत्तरच देईना. गगनबावड्याकडच्या एका डेअरीत फॅटचा आकडा चुकीचा यायला लागला, की माझ्याकडं फोन. "ओ ताई, लोकं भांडाय लागल्यात हितं, काय करू सांगा की!" मी काय सांगणार? तो कोड करणाऱ्याशिवाय कुणाला उमगत नव्हता. शेवटी डेअरीनं तो काढून टाकला. तेव्हा मंडळानं ठरवलं, की कोडवर करणारा आणि मंडळ सोडून तिसऱ्या कुणाचा हक्क नको, आणि तो कळणारी निदान दोन माणसं हवीत. शिवाय एकाही सभासदानं सकारण हरकत घेतली, तर ती मिटेपर्यंत थांबायचं. हात वर करून बहुमत काढायचं नाही.

आणि २००४ मध्ये शिवपुत्र आले.

शिरोळात त्यांचं लग्नपत्रिका जुळवायचं दुकान. मराठी आणि कानडी, दोन्ही. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा जुन्या फाँटात टाइप केलेलं नव्या कॉम्प्युटरवर उघडलं, की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसायचा. शिवपुत्रांनी ते जुनं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा अक्षरांत, आणणारा प्रोग्रॅम केला होता. याच वर्गात त्यांनी तो चालवून दाखवला. क्षणात अख्खी पत्रिका नीट झाली. टाळ्या पडल्या.

मग मी कोड उघडला. जुन्या कुठल्या चिन्हाला नवं कुठलं अक्षर, हे सांगणारी अर्धी कोष्टकं एका फाँट कंपनीच्या प्रोग्रॅममधून जशीच्या तशी उचललेली होती. मी हरकत घेतली.

"ताई, अक्षरं कुणाच्या मालकीची असत्यात व्हय?" शिवपुत्रांनी विचारलं.

"अक्षरं नाहीत. पण ही कोष्टकं त्या कंपनीची आहेत. आपल्या सीडीवर नाही घालता येणार."

"मग सरळ जा म्हणा की!" ते म्हणाले.

आमच्या मंडळातला कृष्णात तेव्हाही आजच्यासारखाच मोठ्यानं बोलायचा. तो उठून उभा राहिला. "पावणं एवढ्या लांबनं आल्यात, आयतं तयार काम हातात देत्यात. घेऊया की! कोण कंपनीवाला हितं बघाय येतोय?"

बराच वेळ वाद झाला. मग सरांनी शांतपणे विचारलं, "ते राहू दे. उद्या ह्यांनी सोडलं, तर हे कोण बघणार?"

मागच्या बाकावर शिवपुत्रांची पत्नी बसली होती. ती म्हणाली, "मी बघीन."

शिवपुत्र वळले. "तुला येतंय?"

"न्हाय येत. शिकीन की."

त्या सुष्मिताताई.

दोघांनी कोष्टकं पहिल्यापासून केली. जुन्या फाँटातलं एकेक चिन्ह पडद्यावर आणायचं, डोळ्यांनी वाचायचं आणि नव्यात ते कसं लिहायचं हे स्वतः ठरवायचं. रफार, वेलांट्या, जोडाक्षरं. मराठी संपलं की कानडी. दिवसभर दुकान, उरलेल्या वेळात हे. २००५ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं. कॉम्प्युटर माळ्यावर चढवला म्हणून वाचला, प्रिंटर गेला. मी फोनवर म्हटलं, "थोडे दिवस थांबा." शिवपुत्र म्हणाले, "थांबलो तर परत बसायचा न्हाय मी."

पुढच्या वर्षी काम झालं. सगळ्या सभासदांना एकदम मेल जाते त्या मेलिंग लिस्टवर एकेकाचं 'घ्यावा' असं उत्तर आलं, कुणाची हरकत उरली नाही. मी आनंदानं शिवपुत्रांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही घेतलासा, बरं झालं. पण माझ्याकडनं काढून घेतलासा, हे बी खरं. आता त्याच्याकडं बघू वाटत न्हाय."

त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. पत्रिका छापतात, शेत बघतात, कोडला हात लावत नाहीत. निर्णय चुकला, असं मी आजही म्हणणार नाही. चोरीच्या कोष्टकांवर आपली सीडी उभी राहिली नसती. पण बरोबर असलेला नियमसुद्धा कुणाच्या तरी अंगावरून जातो, हे मला त्या फोननं कळलं.

पुढच्या बैठकीला सुष्मिताताई एकट्या आल्या. आता राखणारी म्हणून आपल्या नावाखाली तो प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवायचा, म्हणून त्यांनी एक फाइल आणली होती. पडद्यावर पानामागून पान गाणी आली, कानडी आणि खाली मराठी.

"ही कुणाची?" सरांनी विचारलं.

"अत्तींची. माझ्या सासूबाई, शांतव्वा. त्या म्हणायच्या आणि ह्यांनी टाइप करून ठेवलेली. त्या गेल्या, नवीन मशीन घेतलं, आणि सगळ्याचा कचरा झाला. त्यासाठीच केलतं की त्यांनी हे."

कोड कुणाचा, कळतो कुणाला, राखणार कोण, सगळं विचारून झालं होतं. तुम्ही हे का केलंत, हे विचारायची मंडळात पद्धतच नव्हती. ती सुष्मिताताईंनी पाडली. आता बाहेरून कुणी काम घेऊन आलं, की पहिला प्रश्न तोच. उत्तर ऐकूनही कधी कधी नाही म्हणावं लागतं. पण त्या माणसाला समोर बसवून, चहा देऊन म्हणता येतं.

आजपासून संयोजकपद सुष्मिताताईंकडे जात आहे. त्यांना माझ्या शुभेच्छा लागतील. सहानुभूती पुढच्या वर्षी देईन.

सरांचे, तुम्हां सगळ्यांचे, आणि माझे गेलेले रविवार निमूट सोसणाऱ्या घरच्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. येत्या रविवारी मी शिरोळला जाणार आहे. शिवपुत्रांशी कामाचं काही बोलणार नाही. त्या फाइलमधलं शांतव्वांचं पहिलं गाणं ऐकायला कसं होतं, ते नुसतं वाचून कळत नाही. शिवपुत्रांनी ते एकदा म्हणून दाखवावं, एवढीच विनंती करणार आहे.

नमस्कार.