आधी वरचं बूच

नाही, पण मी म्हणतो, एवढं एक वाक्य कुणी शाळेत शिकवायला काय झालं होतं? आधी वरचं बूच उघडावं! भूगोल शिकवला, बीजगणित शिकवलं, आणि हे नेमकं राहिलं!

तुम्हाला सांगतो, ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये तो लोखंडी भोपळा असतो ना, डिफरन्शियल, त्याला दोन बुचं. खालचं उघडलं की जुनं तेल बाहेर, वरचं उघडलं की नवं आत. सोपं! मी खालचं उघडलं. काय सुरेख निघालं हो! काळंकुट्ट तेल भळाभळा, शेवटच्या थेंबापर्यंत घमेल्यात, आणि मी शीळ घालतोय. मग वरच्या बुचाला पाना लावला... ढिम्म. पान्यात नळी अडकवून लटकलो... ढिम्म. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ ओततात ना आमच्याकडे, ते सगळं ह्या एका बुचानं खाल्लेलं! शेवटी दोन्ही पाय टेकून जोर लावला आणि कट्टकन आवाज आला. म्हटलं, सुटलं! सुटलं कुठलं? डोकं पान्यात, धड भोपळ्यात! म्हणजे तेल सगळं बाहेर, आणि नवं घालायला भोकच नाही; बिनतेलाचा ट्रक हलवायचा कसा? आधी वरचं, व्हर्लिन, आधी वरचं!

आणि दिवस कुठला? गोठलेल्या तळ्यावरच्या खोप्या उचलायचा शेवटचा दिवस! तिकडे बर्फावर आमच्या बाबांची मासे धरायची खोपी उभी. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, एकेक फळी स्वतः तासून बांधलेली, आत चूल, दोन बाकं. एका बाकावर बाबा बर्फातल्या भोकात गळ टाकून बसायचे, दुसऱ्यावर आई विणत बसायची. आई गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नाही. यंदा पहिल्यांदा खोपीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "वेळेत काढ म्हणजे झालं." आणि ऊन असं पडलेलं की बर्फावर पाणी चमकतंय! दुपारनंतर बर्फ ट्रक पेलणार नाही, आणि मग दोन दिवसांत खोपी तळाशी. आता एवढी खोपी ओढायची म्हणून तर म्हटलं, ट्रकला जरा ताजं तेल पाजू... चांगलं करायला गेलो हो!

तेवढ्यात शेजारचा ऑर्विस आला. हात खिशात. आमच्या मिनेसोटात तोंडावर चूक काढत नाहीत, बुटांकडे बघत बोलतात. "हं," म्हणाला. "खालचं आधी काढलंस."

"हो."

"तशीही पद्धत असेल म्हणा... मी आपला वरचं आधी काढतो."

अहो, त्यापेक्षा थोबाडीत मार!

मग म्हणाला, "माझा ट्रक ने की." मी म्हटलं, "छे छे, तुला कशाला त्रास!" आमच्यात पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट. दुसऱ्यांदा हो म्हणणाऱ्याला आईनं वळण लावलेलं नसतं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून म्हणायचं, "बरं, तू म्हणतोसच तर..." ऑर्विस दुसऱ्यांदा म्हणाला, "ने रे, नुसता उभा तर आहे." मी म्हटलं, "नको, होईल काहीतरी." आणि तोंडात 'बरं' तयार ठेवून ट्रकखाली पडून राहिलो. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि आतून त्याच्या बायकोची हाक, "ऑर्विस! जेवायला!" गेला! दोनदा विचारून गेला! आता मी जाऊन मागू? स्वतःच्या तोंडानं? त्यापेक्षा खोपीबरोबर बुडालेलं बरं!

छिन्नी मारली, गंजावर तेल सोडलं, शिव्या घातल्या... ढिम्म. मग बाबा आले. वाकून बूच पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. "आधी वरचं," म्हणाले, आणि पायरीवर बसले. ओरडले असते तर चाललं असतं हो! पण हळूच म्हणाले, "तिचं बाक तेवढं निघालं असतं तर..." तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. बरं झालं, ट्रकखाली होतो.

आणि आमची वांडा बाहेर आली. बायको माझी शिकागोची. वीस वर्षं झाली, तरी शिकागोचीच. "काय चाललंय?" मी म्हटलं, "ऑर्विस दोनदा म्हणाला गं, पण तिसऱ्यांदा..."

"म्हणजे तो ट्रक द्यायला तयार आहे, आणि तू इथं लोळतोयस?"

तरातरा गेली, दार ठोकलं, घास तोंडात असलेल्या माणसाला म्हणाली, "ऑर्विस, तुझा ट्रक पाहिजे. आत्ता!" आणि तो म्हणतो कसा, "हो हो, मी तर मघापासून..."

तासाभरात खोपी अंगणात! अख्खी! चूल, बाकं, सगळं! ऑर्विसनं ओढली, वांडानं दोर बांधला, बाबांनी वाट दाखवली, आणि मी? बुचापाशी. बाबांनी वाकून माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, उठवतायत. कसलं काय, किल्ली मागत होते! घेतली आणि वांडाच्या हातात ठेवली. "ही तुझी," म्हणाले. "तुला मागता येतं."

मग तिघं खोपीत बसले, चूल पेटली, मासे तळल्याचा वास अंगणभर. आईच्या बाकावर वांडा. मी बाहेर, तेलानं माखलेला, पोटात कावळे कोकलतायत. दार उघडलं, वांडा म्हणाली, "येतोस का जेवायला?"

आता तुम्हीच सांगा, जन्माचं वळण... तोंडातून गेलंच, "नको नको, तुम्ही घ्या."

"बरं," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.