पडद्याची उलटी बाजू

सुगंधाबाई : ते सारं खरं, मुखरूभाऊ. पन मी कुठी आहो याच्यात?

मुखरू : जंगल पाहा ना पयले.

सुगंधाबाई : पायलं जंगल. साग आहे, मोह आहे, बांबूची रांजी आहे, वर तुमचा तो निळा मोर. आपल्या नाटक कंपनीचा जंगलाचा पडदाच तुमी भिंतीजोगता लहान केला. डोळ्यात पानी आलं, खोटं नाई सांगत. पन मधे मले काढा म्हनून सांगतलं होतं का नाई?

मुखरू : सांगतलं होतं.

सुगंधाबाई : मंग मधे हे काय? नुसतं पांढुरकं. कापडावर कोनी ताक सांडवल्यासारखं.

मुखरू : पडदे रंगवनाऱ्याचा हात आहे, बाई. मधे गर्दी केली तं नटी दिसत नाई. जनम तसाच गेला. आता घरात टांगाचं चित्र असलं तरी हात मधे येऊन थांबते.

सुगंधाबाई : तुमचा हात थांबते, आनं मी मूलहून आरमोरीले एस्टीनं हेलपाटे घालू?

मुखरू : चौकात फ्लेक्सवाला बसते. फोटो दिला का चहा पेईपर्यंत छापून देते. त्याच्याकडं काऊन नाई गेल्या?

सुगंधाबाई : फोटो असता तं तुमच्या दारात काऊन आली असती? एक नाई राह्यला. लग्न ठरलं तवा आमच्या मालकाची एकच अट. नाटक बंद. मी हो म्हनलं. मंग त्यानं माही फोटोची पेटी नेली आनं गावच्या बोडीत बुडवली. मले काठावर उभं करून.

मुखरू : गुनवंतरावानं?

सुगंधाबाई : हो. मानूस वाईट नवता. दुखन्याखुपन्यात उशापाशी बसून राहे. पन नाटकाचं नाव काढलं का भरल्या ताटावरून उठे. वर्स झालं जाऊन. आता हार घालून भिंतीवर बसला आहे. मले त्याच्या बरोब्बर समोर लागाचं आहे, भाऊ. हिरोईन बनून. पायत राहो म्हना आता!

मुखरू : वा बाई! हौस दांडगी आहे.

सुगंधाबाई : हासू नोका जी. माही नात, दिव्यानी, म्हनते, "आजी, तू काहीही फेकतेस." तिले काय दाखवू? हे गुडघे? यायले पाहून कोन म्हनन का हे बाई उभी राह्यली का मंडप चिडीचूप होये? कधी कधी तं मलेच वाटते का सपन पडलं होतं. कंपनीतले सारे गेले, भाऊ. मले पायलेलं मानूस तुमी एकटेच उरले.

मुखरू : तिथंच तं अडचन आहे. मी तुमाले पायलंच नाई.

सुगंधाबाई : काय बोलता! इतके सीझन एका कंपनीत होतो!

मुखरू : दिवसा तुमी बायकाच्या बिऱ्हाडात झोपून. मी झाडाखाली रंगाचे डब्बे घेऊन. नाटक लागलं का मी पडद्याच्या मांगं दोरीपाशी, आनं तुमी पुढं. समोरासमोर मान वर करून बोलाची माही हिंमत नवती.

सुगंधाबाई : म्हनजे माहं तोंड...

मुखरू : नाई मालूम. कोन्याबी नटीचं तोंड काढून दिलं असतं, तं चाललंही असतं. पन हात धजला नाई.

सुगंधाबाई : मंग संपलंच. मी नवतीच म्हना.

मुखरू : नवत्या कशा? ऐका तं. समोरून बत्त्या लागत. तुमची सावली पडद्यावर पडे आनं कापडातून मांगं उतरे. वेनी कमरेच्या खाली. भार डाव्या पायावर. गानं उचलाच्या आधी तुमी पदराचं टोक दोन बोटात धरत, मंग सोडून देत. दुखाचं वाक्य आलं का पयले उजवा खांदा पडे, मंग मान.

सुगंधाबाई : थांबा... खांदा. हो, पडे खांदा. हे तं मीही विसरली होती.

मुखरू : आनं सागाची झाडं तुमच्यातून दिसत. मोर दिसे. त्याच्यात तुमी हालत राहत. मले वाटे, जंगलच गाऊन राह्यलं.

सुगंधाबाई : पन रंगवल्या कापडातून सावली कशी दिसन, भाऊ? दुसऱ्या कंपन्यायचे पडदे मी पायले. मधे तलाव, मंदिर, हा जाड रंग. मांगून ठार अंधार.

मुखरू : दुसऱ्यायचे असत तसे.

सुगंधाबाई : आनं तुमचा?

मुखरू : गर्दी केली तं नटी दिसत नाई, हे कंपनीच्या मालकाले सांगाले होतं. मधे रंग मी मुद्दामच पातळ लावो. मले मांगून दिसावं म्हनून.

सुगंधाबाई : माय वो!... आनं मले वाटे, मांगं कोनी नाई. वाक्य विसरली का मी पडद्याकडं तोंड करून उभी राहो, आठवेपर्यंत. लोकाले वाटे, रडून राह्यली.

मुखरू : मालूम आहे. तवा आपल्या दोघात नुसतं कापड राहे. मी श्वासही हळू घेवो.

सुगंधाबाई : ...मंग तेच काढा, भाऊ. सावलीच काढा. तोंड नको.

मुखरू : आनं गुनवंतराव काय पाहीन? नात काय पाहीन? नाई बाई. तुमाले पुरं लागाचं आहे ना समोर? मंग उठा. चित्राच्या पुढं उभ्या राहा. मी आज लोक बसत तिकडं बसतो.

सुगंधाबाई : आता? दात गेले, गाल बसले. हे काढून हिरोईन दिसन का?

मुखरू : तवाचं तोंड मले कुठी मालूम आहे? माह्यासाठी हेच पयलं.

(सुगंधाबाई पदर सारखा करून चित्रापुढे उभ्या राहतात.)

सुगंधाबाई : घ्या. राह्यली उभी. काढा लवकर, गुडघे दुखते.

मुखरू : काढतो, बाई. पयले पाहू तं द्या.