दोनच बॅटऱ्यांवर लावलेला स्पीकर

जबाब देणारीचे नाव: पूर्ण नाव हजेरीच्या कागदावर दिले आहे, खिशात कायम व्होल्टचे मीटर असते म्हणून सगळे मीटरबाई म्हणतात. वय: ४७ वर्षे. धंदा: गोल्फ क्लबच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीवरच्या गाड्यांची दुरुस्ती. राहणार: क्लबच्या मागच्या फाटकालगत, कामगार वसाहत, खोली ११.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. काल सकाळी अकरा वीसच्या सुमारास क्लबच्या चार नंबर गाडीतून एक पाहुण्या बाई तळ्याकडच्या चढावर पडल्या. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. गुन्हा गाडीच्या ड्रायव्हरवर दाखल आहे. ड्रायव्हर माझे व्याही, माझी मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. म्हणून मी त्यांची बाजू घेते असे कोणाला वाटेल. खुशाल वाटू दे. चूक माझी आहे.

त्या गाडीत सहा बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी सहा व्होल्टच्या. सगळ्या मिळून छत्तीस व्होल्टवर गाडी चालते. पाच आठवड्यांपूर्वी मॅनेजर साहेबांनी स्पर्धेसाठी गाडीवर स्पीकर बसवायला सांगितले. स्पीकरला बाराच व्होल्ट लागतात. त्यासाठी सहाही बॅटऱ्यांवर कन्व्हर्टर लावून छत्तीसचे बारा करून घ्यायचे असतात. कन्व्हर्टर मागवला होता, आला नव्हता, आणि साहेबांना स्पीकर दुसऱ्याच दिवशी वाजायला हवा होता. मी दोनच बॅटऱ्यांवरून वायर ओढली. दोन दिवसांपुरते म्हणून केले. पुढे कन्व्हर्टर आला आणि कपाटात पडून राहिला. स्पीकर वाजतोय ना, मग कोण हात लावतो? आळस मीच केला.

असे केले की त्या दोन बॅटऱ्या बाकी चौघींपेक्षा जास्त उतरतात आणि चार्जरला लावूनही पुऱ्या भरत नाहीत. समोरचा काटा सहाही मिळून दाखवतो, तो भरलेलाच दिसतो. सहा जणांनी कपाट उचलायचे आणि त्यातल्या दोघांना उपाशी ठेवायचे, तसे ते आहे. चढावर जोर लागला की वीज तुटते, लगेच परत येते आणि गाडी झटका देऊन सुटते. बाई मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसल्या होत्या.

मागच्या आठवड्यात व्याही मला म्हणाले होते, "विहीणबाई, चढावर ही दम खाते." मी म्हणाले, "वय झालं तिचं, तुमच्यासारखंच." ते हसले आणि गेले. मीटर खिशातच होते. मी झाकण उघडून बघितले नाही. याची मला लाज वाटते.

काल दुपारी दोन वाजता मी सहाही बॅटऱ्या मोजल्या. चार ठीक निघाल्या, स्पीकरच्या दोन पार उतरलेल्या. क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी वायर काढून टाक आणि विषय संपव असे सांगितले. मी काढली नाही. झाकणाला माझे कुलूप घातले आहे, किल्ली येथे जमा करत आहे. गाडी चार्जरला लावू देऊ नये. दुसऱ्या जाणकाराकडून मोजून घ्यावे, नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नये.

येथे आल्यावर हवालदार साहेबांकडून समजले की, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय घसरला असे व्याह्यांनी कालच कबूल केले आहे. चौदा वर्षांत त्यांचा पाय कधी घसरलेला नाही. बॅटऱ्या मोजताना ते माझ्या शेजारी उभे होते. आकडे बघून त्यांनी एवढेच विचारले, "हे बाहेर आलं तर तुमची नोकरी जाईल ना?" मी हो म्हणाले. तिथून ते सरळ इकडे आले, हे मला आज कळते आहे. त्यांचा जबाब खोटा आहे. त्यांच्या जागी माझे नाव घालावे.

वरचा मजकूर हवालदार साहेबांनी मला शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे. वाचून होईपर्यंत व्याही दारात येऊन उभे राहिले आहेत आणि सही करू नका म्हणत आहेत. मी सही केली.