घरच्या बाईचा शब्द

कुणाला बोलावू म्हणता, कायतानबाब? फिरायला न्यायला आलात होय — दोन वर्षांनी, त्याच सहाच्या वेळेला, त्याच पायरीवर, फक्त सायकल नाही एवढंच. बसा. आत नको, पायरीवरच बसा, तुमची सवयीची जागा ती. आणि मान वर करून आत काय बघताय — हो, त्यांचाच फोटो. हार कालचा आहे. गेल्या चवथीच्या आधी आठ दिवस गेले सुविधाचे बाबा. डॉक्टर कावीळ म्हणाले, म्हणजे कशानं ते तुम्हाला मी काय सांगू. तुम्हाला कळणार तरी कसं, तुम्ही मुरगावला बंदरात, गावात आलात ते चर्चच्या फेस्ताला. हातातलं खाजं त्यांच्यासाठीच ना? आल्याचं आवडायचं त्यांना. ठेवा खाली. आणि डोळे पुसा आधी. तुम्ही रडलात तर मला राग येईल, आणि राग मी आधीच दोन वर्षं धरून बसलेय. कुणावर काय विचारता, तुमच्यावर.

सात जण होता तुम्ही दारू सोडणारे, ह्यांना धरून आठ. दर गुरुवारी कपेलाच्या, तुमच्या त्या छोट्या चर्चच्या व्हरांड्यात बसायचात — पाद्री नाही, पोथी नाही, ज्यानं त्यानं आपलं सांगायचं, आठवड्यात प्यालो का, बायकोशी कसं बोललो, पोरांवर हात उचलला का. आणि प्रत्येकाला एक जोडीदार. खाणीवरची पाळी सुटली की पाय बारकडं वळतात, म्हणून बरोबर सहाला जोडीदारानं दारात यायचं आणि नदीच्या धक्क्यापर्यंत चालवत न्यायचं, ती ओढ निघून जाईपर्यंत खनिज नेणाऱ्या बार्जी बघत उभं राहायचं. आमचे हे हिंदू, तरी तुम्ही जोडीला घेतलंत, खाणीच्या टिपरवर बरोबर होतात म्हणून. सायकलची घंटा दोनदा — 'सदाशिवा, येता मरे?' — सात महिने. पावसातसुद्धा, छत्री एक आणि माणसं दोन, दोघंही अर्धे भिजलेले. मी ह्या खिडकीतून बघायची. सात महिने माझ्या घरात कुणी भांडं फेकलं नाही. चहात साखर अर्धी घाल म्हणायला लागले, सरकारी दवाखान्यात जाऊन प्रेशर बघून आले, आणि एक दिवस मला विचारलं, तू जेवलीस? वीस वर्षांत पहिल्यांदा. मी घाबरलेच. म्हटलं, आता काय मागणार आहेत कोण जाणे.

आणि मग मी त्या दिवशी दारात येऊन म्हटलं, ते डिचोलीला गेलेत, आणि मी सांगते, यापुढं येऊ नका — आणि तुम्ही गेलात. एवढ्यावर गेलात? का नाही विचारलंत काय झालं? का नाही दुसऱ्या दिवशी आलात? सात महिन्यांची ओढाताण आणि एका बाईच्या एका वाक्यावर सायकल वळवलीत. म्हणे भाऊ. … नियम? ठाऊक आहे मला नियम, हेच सांगायचे कौतुकानं. जोडीदार स्वतः नको म्हणाला तर हलायचं नाही, पायरीवर बसून राहायचं. पण घरच्या बाईनं जा म्हटलं तर वाद नाही, उठायचं, कारण सोसलंय तिनं. चांगला नियम आहे, मी नाही म्हणत नाही. बाप, भाऊ, नवरा, दीर, कुणी म्हणून माझा शब्द ऐकला नाही आजवर. तुम्ही ऐकलात. आणि शब्द कसला होता बघा.

का म्हटलं? तेव्हाचे दिवस आठवा. मराठी की कोंकणी म्हणून भाषेवरून पेटलेलं, रस्त्यावर झाडं आडवी, बसगाड्या बंद. आमचे गोकुळदास भावोजी मराठीच्या सभा करून यायचे आणि इथं बसून मला सुनवायचे — वैनी, दादा किरिस्तांवांबरोबर फिरतो, उद्या गळ्यात खुरीस घालून येईल, मग पेडण्याची माणसं सुविधाला बघायला येतायत ती दारातूनच परत जातील. मी पडले मुलीची आई. सगळं भावोजींमुळं झालं, असं मी आईला सांगते, बहिणीला सांगते, सुविधालासुद्धा तेच सांगितलंय. तिचं लग्न झालं तिथंच. बरी आहे.

त्या फोटोकडं असे बघू नका हो. त्यांच्यासमोर खोटं टिकत नाही माझं. भावोजी तर पाच महिने तेच बोलत होते, मी कुठं मनावर घेत होते — एकदा उलट विचारलंसुद्धा, बारवरून भावाला किती वेळा उचलून आणलंत ते सांगा आधी. तेव्हा खरं कारण ते नव्हे. कारण पियेदादबाय. तुमची बायको डिचोलीच्या बाजारात भेटली, मिरच्या घेत होते मी, तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, 'बरी आसा मगो तूं?' एवढंच. पण अशा नजरेनं, की मला कळलं. सुविधाच्या पाठचं मूल माझ्या पोटातच गेलं, ते कशानं हे मी माझ्या आईला सांगितलेलं नाही, कायतानबाब. विहिरीवर पाय घसरला म्हणून सांगितलं. आणि ह्यांनी ते व्हरांड्यात बसून तुम्हा सगळ्यांना सांगितलं. सांगितलं ना? रडले असतील. तुम्ही पाठीवरून हात फिरवला असेल. मला एकदाही म्हणाले नाहीत, चुकलो म्हणून. मार मी खाल्ला आणि मन मोकळं केलं ते तुमच्याजवळ. हात फिरवून घेतला तो तुमच्याकडून. बाजारात मिरच्या निवडताना मला वाटलं, सगळं गाव माझ्या पोटाकडं बघतंय.

मान का हलवताय? पियेदादबायला ठाऊक नव्हतं? काहीच? … व्हरांड्यातलं घरी न्यायचं नाही — हाही नियमच? मग ती तशी का बघत होती? सगळ्यांनाच तसंच विचारते?

बरं.

मग हेही ऐकून घ्या. ते डिचोलीला गेले नव्हते. ह्या दाराच्या मागं उभे होते, चपला घालून, छत्री काखेत धरून. मी मधे उभी होते. सगळं ऐकलं त्यांनी. मला बाजूला सारलं नाही, ओरडले नाहीत — बाईच्या शब्दावर वाद नाही, तुम्हीच शिकवलेलं. तुमची सायकल वळली तशी छत्री खुंटीला लावली, जेवले, आपलं ताट आपण धुऊन पालथं घातलं.

जा आता, कायतानबाब. ते खाजं उचला, मला नको घरात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळीला म्हणून डबा घेऊन निघाले, आणि बार अजून उघडला नव्हता म्हणून त्याच्या पायरीवर जाऊन बसले.